बुडेपर्यंत थांबा

मित्रांनो, ताम्हिणीत धोंडाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक काळपट, भोक पडलेली करवंटी पालथी ठेवलेली आहे. ती मी. माझ्या बहुतेक बहिणी चुलीत गेल्या. मला मात्र एका खेळानं आणि एका अडखळत्या मुलीनं वाचवलं. त्यांचे उपकार मनात मावत नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म घाटाखालचा, कोकणातला. माडाच्या शेंड्यावर मी वाऱ्याशी झुलले, पाण्यानं भरले, खोबऱ्यानं गोड झाले. मग कुणाच्या तरी पिशवीत बसून घाट चढले. धोंडाबाईंनी नारळ फोडला, खोबरं खवलं आणि मला जळणावर टाकलं.

ते ऐंशीच्या आसपासचं साल असेल. बाहेर झड लागली होती. धोंडाबाईंचा भाऊ कुशाबा पुण्याला एका वसतिगृहाच्या खानावळीत वाढप्या होता. तिथली मुलं एक परदेशी खेळ खेळत. तो त्यानं बघून बघून शिकून घेतला, आणि सुट्टीला आल्यावर भाचीला, म्हणजे फुलाला, आणि शेजारच्या भैरूला शिकवला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. गोष्ट कुशाबाची. भैरू राक्षसांचा सरदार. फुला गड राखणारी मांत्रिकीण. वार करायचा तर फोडलेले चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू वर आली की वार लागला. आणि शत्रूनं चिंचोके टाकायच्या आत मंत्र पुरा म्हणायचा. अर्धा राहिला तर मोडला.

इथंच घोडं अडलं. फुलाची जीभ शब्दाच्या उंबऱ्यावर अडखळायची. शाळेत मुलं हसत, म्हणून तिथं तिनं तोंड उघडणंच सोडलं होतं. या खेळासाठी मात्र तिनं स्वतःचा मंत्र रचला होता. ती म्हणायला लागे, “धु… धु… धु…” आणि तेवढ्यात भैरूचे चिंचोके खळ्‌कन पडत.

“मेली मांत्रिकीण!” भैरू ओरडे. “फुले, तुजा मंतर म्हंजी ताम्हिणीची यष्टी. येतीया, येतीया, पर येतच न्हाई!”

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा फुला उठली. “म… मी न्हाई खेळत.” ती चुलीपाशी येऊन माझ्याशेजारी बसली.

भाकरी थापता थापता धोंडाबाईंचा हात थांबला. घरात चार दिवस पोरीचा आवाज ऐकू येत होता. तो आता पुन्हा मिटणार, हे त्या आईला कळलं. त्यांनी मला उचललं. माझ्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो. त्यात त्यांनी खिळा घालून भोक पाडलं.

“कुशा, माज्या लग्नात मुहूर्ताची येळ मोजाया भोकाची वाटी पाण्यावर सोडली व्हती. बुडली तवा अक्षता पडल्या. तुज्या मंतराला बी तसंच कर. बुडंस्तवर कुणी वार करायचा न्हाई. बुडायच्या आत मंतर पुरा झाला पायजे, आन लागू व्हनार बुडल्यावरच.”

“आन हिनं पटकन म्हनला तर?” भैरू म्हणाला.

“तरी थांबायचं. लई घाई आसंल तर जा, म्हशीला वैरन टाक.”

फुला परत आली. कुशाबाच्या गोष्टीत राक्षस गडाच्या दाराशी आले होते, आता हा मंत्र चुकला तर गड गेला. परातीत पाणी ओतलं गेलं, आणि फुलानं मला त्यावर सोडलं.

“धु… धु…”

थंड धार माझ्यात शिरली. मी एका अंगाला कलले. थांबणं माझ्या हाती नव्हतं, मित्रांनो, पाणी आपल्या चालीनं चढतच होतं. भैरू परातीवर ओणवा झाला. कुशाबाही वाकला. सगळ्यांचे डोळे माझ्या काठावर खिळले. फुलाच्या तोंडाकडे आता कुणीच पाहत नव्हतं.

आणि तिचा आवाज मोकळा झाला,

“धुक्या धुक्या, खाली ये,
वैऱ्याची वाट गिळून घे!”

भैरूचा हात चिंचोक्यांकडे गेला.

“थांब की,” फुला म्हणाली. “अजून बु… बुडली न्हाई.”

सगळे थांबले. बुडबुडा आला आणि मी परातीच्या तळाशी टेकले. गडावर धुकं उतरलं आणि राक्षस वाट चुकले. भैरूनं कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाला, “फुले, मला बी येक मंतर करून दे ना.”

पुढं पोरं मोठी झाली. कुशाबाच्या सुट्ट्या कमी झाल्या, चिंचोके हरवले. फुला अजूनही अडखळते, पण सुरू केलेलं वाक्य सोडत नाही. मी फळीवरून ते ऐकते आणि धोंडाबाईंच्या त्या खिळ्याला दुवा देते.

मित्रांनो, तुमच्यातही कुणी शब्दाशी झुंजत असेल. त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नका. त्याचं वाक्य हिसकावून पुरं करू नका. जरा इकडंतिकडं बघा आणि थांबा. करवंटीभर पाण्याला लागतो तेवढाच वेळ लागतो.