तळ्यावरची संध्याकाळ

आमचे हे गेले तेव्हापासून मी रडलेले नाही. लेक म्हणते, "आई, एकदा मोकळी हो." मोकळं व्हायला आत काही भरलेलं तर हवं! मी जेवते, झोपते, भांडी घासते. कोणी भेटायला आलं की त्याचीच समजूत काढते. मनातून मात्र मी घाबरले होते. एवढा संसार केला आणि डोळ्यांत टिपूस नाही, म्हणजे माझ्यातच काही बिघडलं की काय?

शेवटी लेकीने मला कामाला लावलं. ह्यांच्या खुर्चीच्या वर सासूबाईंच्या वेळचं तळ्याचं चित्र होतं, ते साफ करायला टाक म्हणाली. संथ पाणी, मागे डोंगर, पिवळं आभाळ, होडीत एक कोळी. माझ्या मते तो संध्याकाळी घरी परतत होता. हे म्हणायचे, "अगं, सकाळ आहे ती. लहानपणापासून बघतोय." मी सांगायची, "डोळे तपासून घ्या." यावरून आमची कायम जुंपायची. वाद रंगला की हे तिथेच, खिडकी बंद करून, आणखी एक सिगारेट पेटवायचे.

चित्र आणायला गेले. साफ करणारी लेकीच्याच वयाची. तिने चित्र माझ्याकडे वळवलं. आभाळ फिकट निळं. पाण्यावर धुकं. कोळ्याच्या पायाशी जाळं कोरडं, नीट घडी घातलेलं. तो आत्ता कुठे निघाला होता.

"हे आमचं नव्हे," मी म्हणाले.

"तुमचंच, काकू. वर धुराचा थर होता. घरात कोणी सिगारेट ओढायचं का?"

म्हणजे सकाळच होती. माझी संध्याकाळ ह्यांनीच केली होती, एकेका झुरक्याने. हेच जिंकले म्हणायचे. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. चित्र ठेवायला मी पिशवी उघडली.

टेबलावर एका बरणीत तपकिरी झालेले कापसाचे बोळे होते.

"हे काय?"

"तोच धूर, पुसून काढलेला. टाकायचाय."

मी झाकण उघडलं. ह्यांचा वास आला. शर्टाचा, उशीचा.

"मी नेऊ ही?"

तिने जरा चमकून पाहिलं. "न्या की. पण त्यात पुसायचं औषध आहे, काकू. खिडकी उघडी ठेवत जा."

"जन्मभर त्यांना हेच तर सांगत होते," मी म्हणाले, आणि तिथेच तिच्या स्टुलावर बसून मला रडू कोसळलं.