पाठमोरं बाळ

शिवानीला पाचवा महिना सरत आला होता आणि आज बाळाची मोठी सोनोग्राफी होती. नवरा गिरीराज कामासाठी दिल्लीला गेलेला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. तेव्हा तिच्यासोबत बसवनगुडीतल्या दवाखान्यात निघाले ते सासरे जयसिंगराव. त्यांनी उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवली. मैदान हलवणारा त्यांचा आवाज सुनेशी बोलताना मात्र घशातच अडकायचा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी चहा हवा का आणि नळाला पाणी आलं का, यापलीकडे दोघांचं बोलणं गेलं नव्हतं.

डॉक्टर दिव्यश्रींनी पोटावर यंत्र फिरवून फिरवून पाहिलं. बाळाचे हात दिसले, पाय दिसले, पण ते पाठ करून झोपलं होतं आणि हृदय काही नीट दिसेना. त्या म्हणाल्या, स्वल्प फिरून या, गोड काहीतरी खा, वळेल ते.

हे ऐकताच जयसिंगरावांच्या अंगात जुना मास्तर संचारला. त्यांनी शिवानीला गांधीबाजाराच्या दिशेनं चालवायला सुरुवात केली. पहिल्या हॉटेलात केसरीबाथ म्हणजे केशरी शिरा, दुसऱ्यात बदाम हलवा. शिवानीची कंबर भरून आली होती, पावलं सुजून सँडलच्या पट्ट्यांतून फुगून बाहेर आली होती. फुलवाल्यांपाशी एक पट्टा तुटलाच. जयसिंगराव खाली बसले, आपले पांढरे कॅनव्हासचे बूट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवले आणि स्वतः मोज्यांवर चालू लागले. एरवी सैल झाले असते, ते बूट आज तिला चपखल बसले. यावर हसावं की रडावं, तिला कळेना.

परत येऊन पाहिलं, तर बाळ होतं तसंच.

शिवानीचा चेहरा उतरला. बाकी बायकांना या दिवसांत बाळाची हालचाल जाणवते म्हणे, तिला काहीच कळत नव्हतं. बेंबीखाली अधूनमधून बुडबुडे फुटल्यासारखं व्हायचं, पण ते ती गॅसेसच्या खात्यावर टाकायची. तिनं डॉक्टरांना विचारलं, त्याला आपलं ऐकू तरी येतं का? त्या म्हणाल्या, आता थोडंथोडं यायला लागतं.

खोलीतल्या आडोशाच्या पडद्यापलीकडे खुर्ची सरकली. जयसिंगराव खाकरले.

"बाळा," ते अगदी हळू म्हणाले, "तुझी आई दमली आहे. तुला घाई नसेल, पण आम्हाला आहे. एकदा वळ."

मग सवयीनं राहवलं नाही. "अबाउट टर्न!"

बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी दचकून उभं राहिल्याचा आवाज आला. शिवानीला हसू फुटलं, मग आवरेना. पोट गदगदा हलू लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि डॉक्टर यंत्र सावरत म्हणाल्या, "हसा, अजून हसा, वळतंय." यंत्राच्या पडद्यावर बाळ आळस दिल्यासारखं फिरलं. हृदयाचे चारही कप्पे स्वच्छ दिसले. सगळं व्यवस्थित होतं. तेवढ्यात बाळानं पाय झाडला आणि त्याच क्षणी शिवानीच्या बेंबीखाली बुडबुडा फुटला. ती हसायची थांबली. म्हणजे आठवडाभर हेच चाललं होतं.

बाहेर आल्यावर तिनं ते सांगितलं, तेव्हा जयसिंगराव मोज्यांवर तसेच उभे राहिले. पोटाला हात लावायचं तर त्यांच्या मनातही आलं नसतं.

"कुठल्या पायानं?" त्यांनी विचारलं.

शिवानीला काय कळणार? "डाव्यानं असावं, मामंजी."

"सरी, बरोबर," ते गंभीरपणे म्हणाले. "डाव्यानंच सुरू करायचं असतं."

मग त्यांनी घरी फोन लावला आणि दोनच शब्द बोलून तो सुनेच्या हातात दिला. पुढचं सगळं शिवानीनं सासूबाईंना सांगितलं, आणि रिक्षात बसता बसता मामंजींना म्हणाली की आता गोड पुरे झालं, वाटेत कुठेतरी तिखट भजी मिळतील का?