सावलीत न सापडणारा बिघाड

मित्रांनो, परभणीच्या एका बंद गॅरेजात खिळ्याला लटकलेला हा जुना टेस्टलॅम्प पाहून तुम्ही भंगार म्हणाल. तोच मी. एक बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई, एवढाच माझा संसार. सुई लावली तिथे वीज असली की मी पेटतो, नसली की नाही. सटवाजी मिस्त्रींनी मला जुन्या मोटारीच्या बल्बापासून बनवलं. मी पेटलो की गिऱ्हाईक खूश व्हायचं. खरं सांगू, मला त्याची लय मिजास होती!

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात दिनकररावांची जीप आली. सोबत त्यांचा ड्रायव्हर आश्रुबा. सोनपेठच्या रस्त्यावर ती भर दुपारी बंद पडायची आणि गॅरेजात आली की मुकाट चालायची.

"गाडी ठणठणीत हाय," दिनकरराव म्हणाले. "हा बाभळीखाली ताणून देतो अन् मला थापा मारतो. आज बिघाड निघाला न्हाई, तर उद्यापासून येऊ नको."

आश्रुबाचं तोंड एवढंसं झालं. "आईशप्पथ मालक, मी झोपत न्हाई. गाडीच बंद पडायली."

बोलता बोलता त्याने सवयीने जीप लिंबाखाली लावली, पुढच्या भागावर पाणी मारलं, ओलं गोणपाट टाकलं. बंद पडली की तो दर वेळी हेच करायचा. बैलाइतकी जपायचा तो तिला. मिस्त्रींनी सुई लावली तिथे मी लख्ख पेटलो, म्हणजे बिघाड कुठेच नाही. मी पेटत गेलो तसा आश्रुबा खचत गेला. मला पहिल्यांदाच माझ्या उजेडाची लाज वाटली.

मिस्त्रींचा हात गोणपाटावर थबकला. "आरं देवा! उन्हात आजारी पडणाऱ्या गाडीला तू गार करून दाखवायलास व्हय? ढकल उन्हात! अन् दिनकरराव, तुमी बी बसा आत."

इंजिन चालू ठेवून सगळे थांबले. पत्रा तापला. दिनकररावांचा सदरा भिजला. "पुरे आता, सटवाजी," ते वैतागून म्हणाले आणि तेवढ्यात इंजिन गचके देऊन गप्प झालं.

"चावीला हात लावू नका!" मिस्त्री ओरडले. त्यांनी मला इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉईलला लावलं. अंधार. चावीच्या स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर मी पेटलो, बाहेर जाणाऱ्या वायरीवर मात्र विझलेलाच राहिलो.

"स्विचच हाय. आतला जोड तापला की सुटायलाय, गार झाला की पुन्हा चिकटायलाय."

आश्रुबा मटकन खाली बसला आणि टोपीत तोंड लपवून रडला. दिनकरराव घाम पुसत खाली उतरले. "लय ऊन हाय रे," ते म्हणाले. मग हळूच, "उद्या सकाळी लवकर ये."

पुढे मिस्त्री थकले, गॅरेज बंद पडलं, माझ्या काचेवर धूळ बसली. कधी इकडे आलात तर ती पुसा, मित्रांनो. आणि कुणी उन्हातलं गाऱ्हाणं सांगितलं, तर सावलीत बसून त्याला खोटं ठरवू नका. जन्मभर मला पेटण्याची शाबासकी मिळाली. आश्रुबाची भाकरी मात्र मी विझलो म्हणून वाचली.