जिन्यातलं कोडं

दुकान विकल्यापासून माझे हात स्वस्थ बसत नाहीत. शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान होतं माझं, उभं आयुष्य त्या काउंटरमागे गेलं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून विकलं, आणि आता मी घरातलं एकच कपाट पुन्हा पुन्हा लावते. आमचे हे म्हणतात, "अगं, जरा टेक की!" टेकलं की जीव कासावीस होतो. दुकानाचे पैसे दोघांच्या नावावरच्या खात्यात पडून होते, आणि ते तसे पडलेले ह्यांना बघवत नव्हते.

निवृत्त झाल्यावर ह्यांना नवा नाद लागला होता. मोबाईलवर एक टाय लावलेला माणूस घरं विकत घेऊन श्रीमंत कसं व्हायचं ते शिकवायचा, आणि जेवताना हे त्याच्या टिपा मला ऐकवायचे. "जागेच्या प्रेमात पडू नका. नळ सोडून बघा, दिवे लावून बघा. आत भाडेकरू असेल तर त्या जागेला हातही लावू नका." इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एक टीप काही माझ्या घशाखाली उतरत नव्हती. "स्वतःच्या पैशाने घर घेतो तो गिऱ्हाईक, दुसऱ्याच्या पैशाने घेतो तो गुंतवणूकदार."

"आणि त्या दुसऱ्याने पैसे परत मागितले म्हणजे?" मी विचारायचे.

"तुला नाही कळायचं ते," असं म्हणून हे कोडं घालायचे.

कोड्यांचं वेड ह्यांना पहिल्यापासून. गेल्या रविवारी हे कुठूनसे उशिरा घरी आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "भरलेल्या बादलीत असं काय असेल, की ती हलकी हलकी होत जाईल?" मी पीठ मळता मळता विचार करकरून दमले. शेवटी "भोक!" हे उत्तर ऐकलं आणि पोट धरून हसले. कुठे गेला होतात, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी हे मला फ्लॅट बघायला घेऊन गेले. दुकानाच्या पैशातून घ्यायचा, भाड्याने द्यायचा, म्हातारपणाची सोय. "तुला पटला तरच हं," असं दहादा म्हणाले. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

दलाल खाली उभाच होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि जिभेवर साखर. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला, तर आमचे हे आपल्याच तंद्रीत चौथ्याच्या पायऱ्या चढायला लागले.

"साहेब!" दलाल घाईघाईने म्हणाला, "वर जातो, खाली येतो, पण जागचा हलत नाही, असा कोण?"

"जिना!" हे वळले, आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखे हसत खाली आले.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" मी धापा टाकत म्हटलं. दलालाला मात्र मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं. कोडेबुवा.

फ्लॅटला ताज्या रंगाचा वास होता. हॉलमध्ये बटणांच्या पाटीपाशी कोडेबुवा उभा राहिला. "साहेब, तुमच्यासारख्यांसाठी एक खास. बाहेर तीन बटणं, बंद खोलीत तीन दिवे. खोलीत एकदाच जायचं आणि कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते ओळखायचं. कसं?"

ह्यांनी डोळे मिटले. आता हे अर्धा तास गेले, हे मी ओळखलं. मला कुठला धीर! मी पुढे होऊन सगळी बटणं दाबली. एकही दिवा लागला नाही.

"मीटर नवीन बसतोय, ताई," कोडेबुवा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात झगमगाट!"

"एक बटण आधी चालू ठेवायचं, मग ते बंद करून दुसरं लावायचं," हे डोळे मिटूनच म्हणाले, "आणि आत जाऊन दिवा गरम लागतो का बघायचं!"

"वा साहेब! असं गिऱ्हाईक भेटायला नशीब लागतं."

स्वयंपाकघरात त्याने पुढचं काढलं. "भरलेल्या बादलीत असं काय असेल..."

"भोक!" हे ओरडले.

हे तर आमचं रविवारचं. मी सिंकवरचा नळ सोडला. तो नुसता खोकला, थेंबही आला नाही. पंप दुरुस्तीला गेलाय म्हणे. नळ सोडून बघा, दिवे लावून बघा, असं मला रोज सांगणारा माणूस माझ्याशेजारी उभा होता आणि दलालाकडून शाबासकी घेत होता. माझा संताप संताप झाला.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कोडेबुवा नेमका त्याला पाठ लावून उभा राहिला. "हे शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. दोन दरवाजे, दोन पहारेकरी. एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं..."

हे मान वाकडी करून ऐकायला लागले. माझे पाय काही थांबेनात. मी गॅलरीत गेले. गॅलरी पार पुढे त्याच खोलीपर्यंत जात होती, आणि तिथे खोलीचं दुसरं दार उघडंच होतं.

आत खाटेवर माझ्याच वयाची एक बाई मांडीवरच्या ब्लाउजला हुक शिवत बसली होती. शेजारी स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले कपडे. दचकली नाही अजिबात.

"या," ती म्हणाली. "बाहेर पहारेकऱ्यांचं चाललंय ना? मला पाठ झालंय आता."

"तुम्ही कोण?"

"भाडेकरू. माझी कोर्टात केस आहे. निकाल लागेपर्यंत मला इथून कोणी हलवू शकत नाही." तिने दाताने दोरा तोडला. "माणसं येतात, त्या दाराबाहेर उभी राहून डोकं खाजवतात, उत्तर सापडलं की खूश होऊन जातात. दार मात्र कोणी उघडत नाही."

मी उघडलं. आतून खाडकन ओढलं, तर कोडेबुवा पाठीवरच पडायचा बाकी राहिला. त्याच्या पलीकडे हे एक बोट वर करून उभे, उत्तर अगदी ओठांवर आलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेवरच्या बाईकडे पाहिलं, आणि ते बोट हळूहळू खाली आलं.

"चला," मी म्हटलं. "आपल्याला नको ही जागा."

"अगं, पण..." ह्यांचा आवाज खोल गेला. "मी चेक दिलाय. दुकानाचा. सगळा."

"कधी?"

"रविवारी."

मी दुकानदारीण आहे, उधारी बुडवणाऱ्यांचे चेहरे वाचत मी म्हातारी झाले. कोडेबुवाची नजर सारखी स्वतःच्या बॅगेकडे जात होती.

"चेक अजून भरला नाहीत तुम्ही," मी म्हटलं. "इकडे द्या."

"ताई, व्यवहार असा मोडत नाही."

"मग मी रोज येईन. मला आता दुकान नाही, दिवसभर वेळच वेळ आहे. ह्या ताईंच्या शेजारी बसेन. तुमचं कोडं रंगात आलं की दार उघडेन. प्रत्येक गिऱ्हाइकाला."

"मी चहा टाकत जाईन," आतून आवाज आला.

कोडेबुवाने बॅग उघडली. मी चेक निरखून पाहिला, पर्समध्ये घातला, वर चेन ओढली आणि ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

जिन्याच्या तोंडाशी मात्र माझे पाय अडले. सुटलो म्हणून हलकं वाटायला हवं होतं, पण एक गोष्ट हिशेबात बसत नव्हती. बटणांपाशी कोडं, तिथे वीज नाही. नळापाशी कोडं, तिथे पाणी नाही. दारापाशी कोडं, तिथे भाडेकरू. मग सगळ्यात पहिलं कोडं त्याने इथे, जिन्यात का घातलं?

मी वर पाहिलं.

"चल ना," हे म्हणाले. "बस चुकेल. बरं, एक सांग. असं काय आहे, की जे जितकं..."

मी ह्यांच्याकडे वळले. आमची स्कूटर ह्यांनी मला न विचारता परस्पर विकली होती, त्या संध्याकाळी हे असेच बोलले होते. असंच गोड, असंच घाईघाईने. मी हसले होते. आजवर हसतच आले होते, आणि किती वेळा काय विचारायचं राहून गेलं, देव जाणे.

मी वर चढायला लागले.

"अगं, गुडघे तुझे!"

गुडघे गेले खड्ड्यात. चौथ्या मजल्यावर बरोबर ह्याच फ्लॅटच्या वरच्या दाराला कोरं करकरीत कुलूप होतं. हे मागोमाग आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"हा पहिला," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात घेतला. खालचा दुसरा होता."

"पैसे कुठून आणलेत?"

"बँकेचे." मग म्हणाले, "आपलं राहतं घर गहाण टाकून."

मी भिंतीला टेकले. खाली कुठेतरी कोडेबुवाच्या किल्ल्या वाजत होत्या.

"नळ सोडून बघितलात?" मी विचारलं. "दिवे? आतल्या खोलीचं दार तरी उघडलंत?"

हे किल्ली बोटांत फिरवत राहिले.

"तिथे ना," ते म्हणाले, "त्याने मला एक कोडं घातलं होतं."