राखीव रकाना

"पी ना पाणी. ग्लास हातात धरून काय उभी राहिलीस?"

मोठी ओट्याजवळ उभी होती. ग्लास काठोकाठ भरलेला आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"दहा वीसला आहे," ती म्हणाली.

"काय आहे दहा वीसला?"

"पाणी. तूच लिहिलंयस."

मला हसूच आलं. लिहिलं होतं खरं, पण ते तिच्यासाठी नव्हतंच. धाकटा गणिताला बसला की त्याला दर तीन मिनिटांनी तहान लागायची. म्हणून मी तक्त्यात पाण्यालासुद्धा वेळ नेमून दिली होती, आणि लिहायच्या ओघात ती दोघांच्याही रकान्यात गेली होती.

"अगं, ते त्या माकडासाठी आहे. तू पी."

तिने ग्लासाकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे. तीन मिनिटं तशीच उभी राहिली. काटा वीसवर आल्यावर पाणी प्यायली, ग्लास विसळून पालथा घातला आणि जागेवर जाऊन बसली. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मला तिचं कौतुक वाटलं होतं.

तक्ते करणं हे माझं कामच. बारा वर्षं मी बस डेपोत चालकांच्या ड्यूट्या लावत होते. कोणती गाडी, कोणता मार्ग, कोण किती वाजता सुटणार, कोणाची सुट्टी कधी. आडव्या ओळी वेळेच्या, उभे रकाने माणसांचे. एखादा चालक आजारी पडला की त्याच्या जागी राखीव चालक घालायचा. आमच्या डेपोत एक कायमचा राखीव होता. त्याला कुठल्याही मार्गावर टाका, पहाटे टाका, सणावाराला टाका, तो म्हणायचा, "चालेल." सगळे त्याला चालेलकाका म्हणायचे. त्याच्या जिवावर माझे तक्ते सुतासारखे सरळ जायचे.

एकदाच चूक झाली. माझ्या हातून त्याचा रकाना कोरा राहिला. तो नेहमीप्रमाणे सहाला आला, तक्ता पाहिला आणि खिडकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले तर तो तिथेच होता. तोच गणवेश, टोपी मांडीवर, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, "काका, घरी नाही गेलात?" तर म्हणाला, "ड्यूटी संपल्याचं लिहिलं नव्हतं बाई." डेपोत पुढे कितीतरी दिवस हा किस्सा सांगून लोक हसत होते. मीही हसले होते.

नोकरी मी सोडली ती धाकट्यापायी. सहावीतल्या मुलाने शाळेच्या नाकी नऊ आणले होते. हे असंच का, ते तसंच का, पृथ्वी फिरते तर पंख्यासारखा वारा का लागत नाही. बाई आठवड्यातून दोनदा मला बोलावून घ्यायच्या. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, याला घरीच शिकवते. तो लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी सातला जातो आणि संध्याकाळी ग्रीसने माखून येतो. जेवता जेवता त्याने विचारलं, "मग मोठीचं काय?"

"तीही राहील घरी. एकाला शिकवायचं तिथे दोघांना. चालेल ना गं?"

"चालेल," मोठी म्हणाली. ती आठवीत होती आणि वर्गात पहिली यायची.

एवढ्यावर तो विषय संपला. पुढचा महिनाभर मी वर्षाचा अभ्यासक्रम आखत बसले. धाकट्याला समोर बसवून विचारलं, तुला काय शिकायला आवडेल? त्याने आठ पानं भरून यादी दिली. मग त्याच्यासाठी अपूर्णांक लाकडाच्या पट्ट्या कापून, नकाशाचं प्रमाण घरापासून बाबांच्या कामापर्यंत पावलं मोजून, विज्ञान जुना मिक्सर उघडून. तो कंटाळला तर दुसरी वाट, तिथेही कंटाळला तर तिसरी. त्याचे सगळे धडे बसवल्यावर मधे मधे जी जागा उरली तिथे मी मोठीचे विषय टाकत गेले. तिला पुस्तक दिलं की ती वाचते, गणितं दिली की सोडवते, तिची काय काळजी? तिला मी काहीच विचारलं नाही. तिचा रकाना अर्ध्या दुपारीत भरून झाला होता आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चार महिने असे गेले. दर रविवारी नवा तक्ता भिंतीवर लागायचा, जुना खिळ्याला अडकवला जायचा. तीन रकाने होते. एक धाकट्याचा, एक मोठीचा, आणि शेवटी चिंचोळा माझा, त्यात फक्त स्वयंपाक आणि तपासणी. आठवडा संपला की प्रत्येक रकान्याखाली मी लाल पेनाने सही करायची. ही डेपोतली सवय.

पाण्याच्या त्या प्रसंगानंतर तीनेक आठवड्यांनी, एका बुधवारी, मोठी बोलेनाशी झाली.

सकाळी दूध हवं का विचारलं तर मान हलवली. गाल फुगवून बसली असेल असं वाटलं, पण रुसल्याचं काही चिन्ह नव्हतं. चेहरा स्वच्छ, पाटी पुसल्यासारखा. भूगोल झाला, इंग्रजी झालं. उतारा मोठ्याने वाच म्हटलं तर तिने ओळींवरून बोट फिरवलं आणि शेवटी पान उलटलं.

"घसा दुखतोय?"

मानेने नाही.

"मी काही बोलले का तुला? धाकटा काही बोलला?"

पुन्हा नाही. तिला खिडकीशी नेलं, बॅटरी आणली, म्हटलं आ कर. घसा लालबिल काही नव्हता. बॅटरी खणात ठेवून, खण बंद करून वळले तर तिचं तोंड तसंच उघडं होतं.

"मिट," मी म्हटलं. तिने मिटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की धाकट्याने सकाळपासून एकही प्रश्न विचारलेला नाही. तो टेबलाखाली पाय आवळून बसला होता आणि आमच्याकडे बघत होता.

"तिला डॉक्टरकडे नेते," मी म्हटलं. "तू दार लावून घे."

"ती आजारी नाहीये," तो म्हणाला. "उद्या बोलेल."

"तुला काय माहीत?"

तो उठला आणि गादीखालून एक वही घेऊन आला. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेली चौकट होती. वर लिहिलं होतं, प्रयोग: तक्त्याचा ताईवर होणारा परिणाम. मी उभ्या उभ्या वाचायला लागले.

सोमवार. काय लिहिले: डाव्या हाताने जेवायचं. काय झाले: जेवली. दोनदा सांडलं.

मंगळवार. काय लिहिले: पुस्तक उलटं धरून वाचायचं. काय झाले: वाचलं. आई म्हणाली छान.

शुक्रवार. काय लिहिले: झोपताना डोळे मिटायचे नाहीत. काय झाले: मिटले नाहीत. मी बघत होतो, मग मला झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा पण उघडे होते.

बुधवार. काय लिहिले: बोलायचं नाही.

खाली निष्कर्षाची जागा होती. ताई लिहिलेलं करते. कारण अजून समजलं नाही.

चार महिने मी या मुलाकडून एक धड निरीक्षण लिहून घ्यायला धडपडत होते. आता ते माझ्या हातात होतं. स्वच्छ अक्षर, तारीखवार नोंदी, कुठे खाडाखोड नाही. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं काम. आणि पुस्तक उलटं धरलेल्या मुलीला छान म्हणणारी आई कोण होती, हे तर त्यात लिहिलंच होतं.

मी तक्त्याकडे धावले. मोठीच्या रकान्यात, बुधवारच्या जागेत अगदी वर, माझ्या अक्षरासारख्या अक्षरात, पेन्सिलने तेवढी एक ओळ होती. मी ती खोडली. "झालं. खोडलं बघ. बोल आता."

ती तक्त्याकडे बघत राहिली.

"बोल गं राणी. आई सांगतेय ना."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्या खोडलेल्या जागेकडे. नजर मऊ होती, मदत करावी पण कशी ते कळू नये तशी. मी किती वेळा सांगितलं, हात जोडले, कुशीत घेतलं. ती कुशीत आली, पण मान तक्त्याकडेच. शेवटी मी पेन्सिल घेतली. लिहिलं, आता बोलायचं.

"बोलते," मोठी म्हणाली.

तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. मी तिच्यासमोर वही धरली.

"हे तुझ्या भावाने लिहिलं होतं. तुला कळलं नाही?"

"कळलं. त्याला तुझ्यासारखा ल काढता येत नाही."

"मग?"

"तक्त्यावर होतं ना."

धाकटा रडायला लागला होता. "मी गंमत म्हणून केलं. नंतर मला भीती वाटली. पण पहिलं मी नाही लिहिलं आई. ते बघून मला सुचलं."

"पहिलं कुठलं?"

त्याने खिळ्यावरची चळत काढली आणि सगळ्यात खालचा, पहिल्या आठवड्याचा तक्ता ओढून माझ्यासमोर धरला. मोठीच्या रकान्यात तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ होती. शाळेची आठवण काढायची नाही.

ते अक्षर तिचं होतं. दुसऱ्या तक्त्यावर तीच ओळ. तिसऱ्यावर तीच. सोळा तक्ते होते, सोळाही ठिकाणी होती. प्रत्येक ओळीला चिकटून, लाल पेनाने, तपासल्याची माझी सही.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हातावरचं ग्रीस पुसत होता. मग एवढंच म्हणाला, "तिला विचार. मीही विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लावला. धाकट्याचा रकाना भरला. मोठीचा कोरा ठेवला. तिला म्हटलं, "आज तुला वाटेल ते कर. झोप, भटक, नुसती बस. आजपासून तुझं मी काही लिहिणार नाही."

"चालेल," ती म्हणाली.

सातला ती टेबलाशी बसली. आठला तशीच होती. नऊला मी खोलीत डोकावले तर हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर भिंतीवरच्या कोऱ्या रकान्यावर. दूध ठेवलं होतं त्यावर साय धरली होती. मला बाकावरचा चालेलकाका दिसला, टोपी मांडीवर घेतलेला. तेव्हा हसले होते त्याची आता इतकी लाज वाटली की मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळ सोडून उभी राहिले.

मग जाऊन तिच्यासमोर बसले.

"तुला शाळेत परत जायचंय?"

"चालेल."

"आणि घरीच राहायचं असेल तर?"

"तेही चालेल."

"तुला काय हवंय ते सांग ना. मी रागावणार नाही."

ती विचार करत होती, खरंच करत होती. कपाळावर आठी पडली, ओठ हलले. जणू घरात ठेवलेली एखादी वस्तू शोधतेय आणि ती नेहमीच्या जागी नाही. मग आठी गेली. "मला माहीत नाही आई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. ते बघून मला बरं वाटलं, असं म्हणायला नको, पण वाटलं.

मी तिच्यासमोर पेन्सिल ठेवली. "माहीत होईल तेव्हा लिही. घाई नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन कालची भांडी उगाच पुन्हा घासायला घेतली. धाकटा दारात घुटमळत होता. "आता मी काय करू?" त्याने विचारलं. "काही लिहू नकोस, एवढं कर," मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागदावर पेन्सिल चालल्याचा. मी नळ बंद केला आणि हात न पुसताच बाहेर आले. मोठी परत जागेवर बसली होती. तिचा रकाना कोराच होता.

तिने माझ्या रकान्यात लिहिलं होतं. तो चिंचोळा, म्हणून अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. साडेअकरा ते पावणेबारा. मोठीजवळ बसणे. काही विचारायचं नाही.

साडेअकराला चार मिनिटं होती. मी तिथेच उभी राहिले, ओले हात घेऊन, काट्याकडे बघत. काटा आल्यावर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिने माझा हात घेतला नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तसाच राहिला. काही विचारायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. धाकटा एकदा आला, तोंड उघडलं, आम्हाला पाहून मिटलं आणि पाय न वाजवता परत गेला.

पावणेबारा झाले. मोठीने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या रकान्यात पुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी उठले नाही.