अर्धी ॲडमिन

"मॅडम, तुमच्याऐवजी मी ॲडमिन झाले तर चालेल का?"

भर तासात, सगळ्या वर्गासमोर उभं राहून मी हे विचारलं. माझी टाप नाही, अशी माझ्या वर्गातल्या चिमणी आणि ढब्बूने पैज लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत खरंच नव्हती. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली जायचा. यंदा वक्तृत्वात दुसरी आले आणि तोंडाचं कुलूपच निघालं.

आणि नेमका यंदाच कॉम्प्युटरच्या मॅडमचा आवाज गेला. स्वरयंत्रावर गाठ. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा बसेल. शिकवणं त्या फळ्यावर लिहून निभावत होत्या. पण शाळेच्या कॉम्प्युटरवरची सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या ॲडमिन एकट्या त्याच! नवीन उघडा, जुनं बंद करा, विसरलेला पासवर्ड बदलून द्या. आणि आमच्याकडे लोक पासवर्ड असे विसरतात, जसे काही त्याचे मार्क मिळतात. मेसेज करा म्हटलं तरी फोनच करतात, नाहीतर दारात येऊन उभे. मग मॅडम घोगऱ्या आवाजात सांगत बसणार. म्हणजे आराम झालाच!

माझा प्रश्न ऐकून वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलून फळ्यावर लिहिलं, ‘कोणती ॲडमिन?’

आता आली का पंचाईत! मला वाटलं होतं, ॲडमिन म्हणजे ॲडमिन.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला लॅबमध्ये स्क्रीन दाखवली. सगळ्यात वर पूर्ण ॲडमिन. त्याच्या हातात सगळंच, दुसऱ्याला ॲडमिन करणंसुद्धा. त्याखाली खाते ॲडमिन. तो खाती उघडतो, पुसतो, पासवर्ड बदलतो. सगळ्यात खाली मदतनीस. तो फक्त पासवर्ड बदलतो, तोही नेमून दिलेल्या गटाचाच.

"मधलं द्या," मी म्हटलं. हवं होतं वरचंच, पण उगाच हावरट दिसायला नको.

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, डोकावल्या. "अहो, देऊन टाका तिला सगळंच! पोरगी चुणचुणीत आहे. तुमच्या घशाला तरी आराम."

मॅडमनी नकारार्थी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. मधलं पद, एकच दिवस, आणि त्या शेजारी बसणार.

घरी सांगितलं तर बाबांनी लगेच आत्याला फोन लावला. "अगं, अख्खी शाळा हिच्या हातात!"

आई म्हणाली, "स्वतःचं कपाट आवरत नाही आणि निघाली शाळा आवरायला."

दुसऱ्या दिवशी लॅबबाहेर पाचवीची रांग. एक पिटुकली म्हणाली, "ताई, मी आईच्या वाढदिवसाचा पासवर्ड ठेवला होता, पण आईचा वाढदिवसच विसरले." मी बदलून दिला. काय मजा येत होती! मॅडम गप्प बसून गरम पाणी पीत होत्या आणि मला राणीसारखं वाटत होतं.

चिमणी कानाशी आली. "इतिहासाच्या सरांचं खातं दिसतंय बघ! बदल ना पासवर्ड. पाचच मिनिटं!"

"चल, फूट इथून."

ती गेली. पण बटण खरंच तिथे होतं आणि दाबलं असतं तर चाललंही असतं. मी माउसवरचा हात उचलला.

आणि दारात तेच सर!

"मॅडम, जरा पासवर्ड..."

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. सरांनी मला पाहिलं, मग माझ्या स्क्रीनवर स्वतःचं नाव पाहिलं. रागावले नाहीत, पण चेहरा असा झाला जसा माझी डायरी कोणी उघडली तर माझा होईल.

"नाही म्हणजे, पोरगी गुणी आहे. पण माझ्या खात्यात मुलांचे मार्क असतात, पालक घरातलं काय काय लिहितात. माझं तुम्हीच करा ना."

मागे गणिताच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. "मीही मॅडमसाठीच थांबलेय."

मॅडमनी खुणा केल्या. कोणी हलेना. शेवटी त्या बोलल्याच, "सर, या बसा." सुकलेल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा तो आवाज. लगेच त्यांनी गळा धरला.

माझी राणीगिरी तिथेच संपली. एवढे अधिकार माझ्या हातात, पण त्या अधिकारांनी इथे मॅडमचा एक शब्दही वाचवला नाही. शिक्षक माझ्याकडे येणारच नाहीत, आणि का यावं? त्यांना आपलं माणूस हवं. रजा, ब्लडप्रेशर, कोणाचा मुलगा नापास झाला, हे सगळं ज्याला ठाऊक असूनही ज्याच्या तोंडून कधी बाहेर येत नाही, असं माणूस. म्हणजे ऑफिसमधल्या काकू!

मी पळतच गेले.

"मी?" काकू दचकल्याच. "अगं, ते यंत्र बघूनच मला धडधडतं. चुकून कोणाचं खातं पुसलं गेलं तर?"

"तुमच्याकडे पुसायचं बटणच नसेल, काकू! मदतनीस फक्त पासवर्ड बदलतो."

"बटणच नाही? नक्की?"

"आईशप्पथ."

"मग बसते बाई. पण तू शिकवायचंस हं, आणि हसायचं नाही."

मॅडमना सगळं सांगितलं. मी मुलांची मदतनीस, काकू शिक्षकांच्या. खाती उघडणं नि पुसणं मॅडमकडेच. ते काम महिनाभर थांबू शकतं, विसरलेला पासवर्ड थांबत नाही. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझं मधलं पद माझ्यासमोरच काढून टाकलं. थोडं टोचलं. खोटं का बोलू?

संध्याकाळी घरी पोचले तर बाबांच्या फोनवर आत्या हजर. "या या, ॲडमिनबाई!"

मी दप्तर खाली ठेवलं. "बाबा, आत्याला सांगा, अख्खी शाळा मी परत करून आले. आई, उद्यापासून आठवडाभर मी उशिरा येणार, काकूंना शिकवायला थांबणार आहे. मी फक्त मुलांचे पासवर्ड बघणार, बाकी कशाला हात लावणार नाही. मी विचारत नाहीये हं, सांगतेय."