चारशे बाराच्या पुढे

धंतोलीतल्या त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रोशनीची खुर्ची अजून तशीच होती. पाठीला घ्यायची निळी उशीही तशीच. समोरचा संगणक सुरू होता. तिला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तो कोणी बंद केला नव्हता, कारण त्यात तिची वही चालू होती.

वही कागदाची नव्हे, आकडेमोडीची, संगणकातली. तिच्यात एकेक कप्पा लिहायचा, चालवायचा, आणि जे निघेल ते मशीनच्या स्मरणात पुढच्या कप्प्यासाठी राहतं. पण वही चालू असेल तोवरच. बंद केली की लिहिलेलं उरतं, स्मरणातलं जातं.

रोशनीच्या वहीच्या स्मरणात कुहीकडच्या सात गावांतली दोनशे अठरा मुलं होती. पहिल्या तपासणीत त्यांच्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक आजाराची खूण दिसली होती. पण एका शिबिरात एक नाव लिहिलेलं, दुसऱ्यात दुसरंच. कुठं बापाचं नाव पुढं, कुठं आजोबाचं. रोशनीनं घरोघरी फोन करून कोणती दोन नावं एकाच मुलाची हे ठरवलं आणि एकेक करून थेट स्मरणात भरलं. सोमवारी त्या मुलांना दुसऱ्या तपासणीला बोलवायचं होतं. प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या इमारतीत जाणार होती, आणि या शनिवारी चार वाजता इथली वीज कापली जाणार होती.

नियम असा, की रुग्णांची नावं उघडी साठवायची नाहीत, कुलूप लावूनच साठवायची. तसं कुलूप लावणारा प्रोग्राम करून देतो, असं रोशनीचा नवरा धम्मानंद तिला डिसेंबरपासून सांगत होता. तो प्रोग्राम लिहिण्याच्याच धंद्यातला. दर शनिवारी ती विचारायची, दर शनिवारी तो म्हणायचा, या रविवारी नक्की. मग एका मंगळवारी ती कामावरून परस्पर दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात भरती झाली, आणि घरी आलीच नाही.

प्रोग्राम त्यानं तिच्यामागं केला. घरी बांधला, घरीच तपासला, आणि शनिवारी अकराला घेऊन आला. रोशनीच्या शेजारी बसणारी नूपुर वाटच पाहत होती.

"भाऊजी, मी तर ताईचा माउसही हलवला नाही," ती म्हणाली. "धूळही बाजूबाजूनंच पुसून राहिली होती."

त्याचीही हिंमत होईना. म्हणून त्यानं वहीला हात न लावता, त्याच संगणकावर वेगळ्या खिडकीतून प्रोग्राम चालवला. उत्तर आलं, अशी यादी इथं नाही.

नूपुरचा चेहरा उतरला. धम्मानंदला मात्र कळलं. बाहेर बांधलेला प्रोग्राम आला की आपलं स्वतःचं सेशन, म्हणजे कामापुरतं चालू स्मरण, उघडतो, कोरं. एकाच घरात वेगळी चूल मांडल्यासारखं. रोशनीचं सगळं तिच्या सेशनमध्ये होतं. प्रोग्रामला तिच्या वहीतच आणायला हवं होतं, आणि आत आल्यावर त्यानं आधी विचारायला हवं होतं, इथं कोणाचं सेशन सुरू आहे का? असेल तर मला तेच द्या.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं तेवढं बदललं. परत आला तेव्हा अडीच वाजले होते. तिच्या वहीच्या शेवटच्या कप्प्याशेजारी आकडा होता, चारशे बारा. चालवलेल्या प्रत्येक कप्प्याला वही आपणहून आकडा देते. त्याखाली त्यानं प्रोग्रामला आत बोलावणारी आपली एक ओळ लिहिली आणि चालवण्याआधी खात्रीसाठी म्हणून प्रोग्राम पुन्हा वरपासून वाचला.

शेवटची ओळ होती, सेशन बंद कर.

वीस वर्षांची सवय. आपण उघडलेलं आपण बंद करायचं. पण हे त्यानं उघडलेलं नव्हतं. घरी खोलीतून निघताना तो असाच पंखा बंद करायचा, आणि मागून आवाज यायचा, "मी बसून आहो ना इथं. पंखा काहून बंद करून राहिले तुम्ही?"

यादी वाचण्याआधी सेशन बंद झालं नसतं. पण त्यानंतर काही राहिलं आहे का, हे बघायला काहीच उरलं नसतं. त्यानं ती ओळ काढली, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि चालवला.

शेजारी आकडा उमटला, चारशे तेरा.

तो बघतच राहिला. एकोणचाळीस दिवस गेले होते, आणि वहीनं मोजणी तिथूनच पुढं धरली होती. तिचा आकडा बारा, त्याचा तेरा, मध्ये काहीच झालं नसल्यासारखं. त्याच्या घरी बांधलेल्या प्रोग्रामच्या हातात तिच्या याद्या आल्या, तिनंच ठेवलेल्या नावांनी. 'नक्की', दोनशे नऊ. 'परत विचार', नऊ. दुसरी यादी त्याला माहीतच नव्हती; प्रोग्राम पहिलीच साठवणार होता. ती शेवटची ओळ ठेवली असती तर ही नऊ नावं पुसली गेली असती. एकीपुढं तिनं लिहिलं होतं, घरी पिंकी, शाळेत वेदिका, आजीला सकाळी फोन करावा.

त्यानं दुसरीही जोडली, आणि दोन्ही याद्या कुलूप लागून साठल्या. त्यानं त्या तीनदा उघडून पाहिल्या. नूपुरनं नऊ जणांचे फोन तिथंच सुरू केले. पिंकीची आजी पहिल्याच घंटीला बोलली. सोमवारी घेऊन येते म्हणाली.

पावणेचारला नूपुरनं विचारलं, "भाऊजी, वही बंद करू?"

"राहू दे," तो म्हणाला. "चारले लाईट जाईलच."

उशी काखेत घेऊन तो निघाला. खुर्चीवरचा पंखा त्यानं सुरूच ठेवला.